गढूळ पाण्याला गाळाचा उतारा

तामलवाडीजवळ आमची फरशी कापायची शेड. दगड कापताना पात्यावर सतत पाणी सोडावं लागतं. ते दुधासारखं पांढरं होऊन आधी खड्ड्यात आणि मग टाकीत जातं. टाकीत चिमूटभर पावडर विरघळवून सोडली की दगडाचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होऊन तळाशी बसतात आणि वरचं निवळ पाणी पुन्हा पात्यावर. हा खेळ मला इतका आवडायचा, की सुपरवायझर असूनही मी निम्मा दिवस टाकीवरच ओणवा.

त्या उन्हाळ्यात बोअर आटलं. मालक सांगून गेले, टाकीतलंच पाणी फिरवता आलं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून शेड बंद. म्हणजे कटर चालवणारे मामा परत गावी, वाशीला. घरी बसून काय करू, एवढंच ते म्हणाले.

मी बाह्या सरसावल्या. चिमटीनं एवढी जादू, तर ओंजळीनं केवढी होईल? टाकली ओंजळ. वर फळीनं दणादण घुसळलंही. तासाभरानं हात बुडवला, तर बोटांना भेंडीसारख्या तारा आणि पाणी पांढरं ते पांढरंच. मामांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच त्यांची पिशवी भरून फाटकाबाहेर ठेवली होती.

पण रागावले नाहीत. दोन बाटल्या घेऊन बसले. एकीत नुसतं टाकीचं बुळबुळीत पाणी. दुसरीत त्यातच खड्ड्यातलं ताजं गढूळ. दोन्ही अगदी सावकाश कलत्या केल्या. पहिली तशीच राहिली. दुसरीत नासलेल्या दुधासारखे गोळे झाले आणि बघता बघता खाली बसले.

“पावडर लई झालीय, साहेब. आता तिला खायला गाळ द्या.”

“घाणीत आणखी घाण?”

“व्हय. चिकटायला कायतरी नको का तिला?”

मग मी बादल्या ओतत गेलो, मामा फळी हळूहळू फिरवत राहिले. माझा हात फळीकडं गेला की नुसतं खाकरायचे. रविवारी दुपारी निवळ पाण्यातून तळाशी बसलेला गाळ दिसला.

मालक आले, वाकून बघत राहिले. कुणी केलं, म्हणाले. माझं भाषण तयार होतं, हातवाऱ्यांसकट. पण मामा शेजारीच उभे होते.

“निवळलं मामांनी. नासवलं मी.”

“दुसरं विचारलं नव्हतं,” मालक म्हणाले आणि उद्या कटर वेळेवर सुरू करा, असं मामांना सांगून गेले.

पावडरीच्या डब्याला आता कुलूप आहे. किल्ली मामांच्या करदोट्याला. मला बघायची परवानगी आहे.