पिस्टन हातात, शरणार्थी तोंडात

लातूर नवा जिल्हा झाला, पण पाऊस जुन्याच जिल्ह्यात राहून गेल्यासारखा गायब. अहमदपूरला आमच्या गल्लीत पाणी यायचं ते व्यंकटीच्या टँकरनं, आणि टँकर चालायचा गुंडप्पा मिस्त्रीच्या शिव्यांवर. गुंडप्पाचा राग म्हणजे उन्हाळा. फरक एवढाच की उन्हाळा कधीतरी संपतो.

टँकर ऑईल पिऊ लागला. खेपेगणिक डबाभर, मागं निळा धूर. गुंडप्पानं इंजिन खोलून पिस्टनच्या रिंगा नव्या बसवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच धूर.

"मिस्त्री, आता तर हा बिड्या बी फुकाय लागला," व्यंकटी म्हणाला.

गुंडप्पा पेटलाच. रिंगा विकणाऱ्याला, धुळीला, नव्या जिल्ह्याला, सगळ्यांना झोडपून झालं.

"आज न्हाई जमलं तर उद्या गाडी उदगीरच्या मिस्त्रीकडं," व्यंकटीनं सुनावलं. "तवर गल्लीला पाणी न्हाई."

बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्याच होत्या; त्यात गुंडप्पाची बायको शिवकांताही. त्यानं दातओठ खात इंजिन पुन्हा खोललं. एक पिस्टन बाहेर आला, तो त्यानं डोळ्यांजवळ धरला. प्रत्येक रिंगेला एक फट असते. एकीखाली एक रिंगा बसवताना त्या फटी वेगवेगळ्या दिशांना ठेवायच्या, नाहीतर तेलाला वर चढायला सरळ वाट मिळते. इथं सगळ्या फटी एका रेषेत!

"हे कुणी केलं?"

"तुमीच," शिवकांता म्हणाली. "कुणी शरणार्थी म्हणलं की पिस्टन तळव्यांत धरूनच हात जोडत व्हता. फिरल्या असतील रिंगा."

शरणार्थी म्हणजे लिंगायतांचा रामराम. भांडायला आलेला माणूस शरणार्थी म्हणाला, तरी गुंडप्पा आधी हात जोडणार, मग शिव्या देणार. आता राग काढावा कुणावर?

त्यानं फटी नीट फिरवल्या, पिस्टन उचलला. तेवढ्यात गल्लीतली थोरली म्हातारी दानम्मा आली. "शरणार्थी, गुंडप्पा!"

गुंडप्पानं हात जोडले नाहीत, पिस्टन घट्ट धरून ठेवला. मानेची शीर तटतटली.

"बहिरा झालास का रे?"

पिस्टन जागेवर सरकला, तसा तो काळे हात जोडून गरजला, "शरणार्थी, आजी! अन् आता इंजिन चालू होस्तवर साक्षात महादेव आला तरी त्यानं बोलायचं न्हाई!"

टँकर निघाला आणि भरून आला, मागं धूर नाही. दानम्मानं पहिली घागर भरून घेतली. "उर्मट हाय मेला," म्हणत ती निघून गेली. म्हातारीला उलट कसं बोलणार? राग काढायला गुंडप्पानं शेजारी उभ्या व्यंकटीची गचांडी धरली.