गळतीखालचा भूर्ज

पाण्याचा थेंब पडल्याचा आवाज आला की आजही माझ्या नाकात लोबानाचा वास शिरतो, आणि मस्कतमधल्या कुरुम भागातल्या त्या अंगणातली तिन्हीसांज, ओल्या मातीची, दिवसभर भाजलेल्या भिंतींची, डोळ्यांपुढे उभी राहते.

मी कणकवलीकडचा, मस्कतमध्ये बंगल्यांच्या बागा राखायला गेलेला माणूस. आमच्या अर्बाबांची, म्हणजे मालकांची, एकुलती लेक सलमा दूरच्या थंड देशात शिकायला गेली आणि तिथेच तापाने गेली. तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवायलाही बाप वेळेत पोचू शकला नाही. तिच्या खिडकीबाहेर एक भूर्ज होता, पांढऱ्या सालीचा, केस मोकळे सोडून वाकलेल्या बाईसारखा. त्याच जातीचं रोप अर्बाबांनी विमानाने मागवलं. अहो, जिथे बाभळी जीव मुठीत धरून जगतात, तिथे हिमप्रदेशातल्या झाडाचं काय चालणार! पण त्या बापाला नाही कोणत्या तोंडाने म्हणायचं?

हिवाळ्यात रोपाने कोवळी, दातेरी पालवी धरली. अर्बाब रोज संध्याकाळी खुर्ची टाकून त्या लोंबत्या फांद्यांशी हलक्या आवाजात बोलत. मध्येच थांबत, उत्तर ऐकत असल्यासारखे. वारा नसताना फांद्या हललेल्या मी पाहिल्या आहेत. खोटं कशाला सांगू, अंगावर सर्रकन काटा यायचा.

मग ग्रीष्म आला. जाळीची सावली केली, बुंध्याशी बर्फ घातला, तरी पानं कडेने करपतच गेली. शेवटी गावचा शंकर आठवला. वैशाखात पिंडी निववायला आम्ही तिच्यावर गळती धरतो, भोक पाडलेल्या भांड्यातून थेंब थेंब पाणी. तसंच मडकं मी झाडावर टांगलं आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या पोरीक सांभाळ." झाडाक म्हणायचं होतं; तोंडातून पोरीकच निघालं.

एका संध्याकाळी नखाने साल खरवडली. आत हिरवं काही उरलं नव्हतं. अर्बाब मागे येऊन उभे होते.

"अर्बाब, खलास," मी म्हणालो. मडक्याची दोरी सोडायला हात वर केला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"मालूम है," ते म्हणाले. "पानी बंद मत करो. उसको बुखार है."

मी मडकं पुन्हा काठोकाठ भरलं.

आता गावी असतो. वैशाखात देवळातली गळती भरताना ओठांवर देवाचं नाव हवं, पण हळूच निघतं ते भलतंच, "ताप उतरलो काय गो बाय?" आणि मग अर्बाबांसारखा मीही उत्तरासाठी थांबतो.