बाकड्याचं तोंड

कोणालाही भर घालता येते असा एक नकाशा मोबाईलवर असतो. त्यात आमच्या जानेफळातल्या पाणपोया, दिवे, बाकडी नोंदवायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं. बायको म्हणाली, "घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं!"

पहिलं बाकडं अर्थात बाबांचं. ते गेल्यावर स्टँडवर त्यांच्या नावानं सिमेंटचं बाकडं मीच ठेवलं होतं. आमच्याकडे दान दिलं की नाव दिसलंच पाहिजे. म्हणून नाव पाठीच्या मागल्या अंगाला, अन् ते अंग रस्त्याकडे. नकाशात बाकड्याचं तोंड कुठं तेही अंशात लिहायचं असतं. मी रुबाबात टाकलं, नव्वद. म्हणजे पूर्वेला, रस्त्याकडे. सोबत आई बाकड्यावर बसलेली असतानाचा फोटो.

दोन दिवसांनी कुठल्याशा दूरच्या माणसाचा निरोप आला. "बसणारा जिकडे पाहतो ती दिशा लिहावी. फोटोतल्या आजींची पाठ रस्त्याकडे आहे, फक्त मान वळलेली आहे."

माझं डोकंच फिरलं. बाप आमचा, बाकडं आमचं, अन् हा कोण टिकोजीराव मले शिकवणार? तरातरा स्टँडवर गेलो आणि बाकड्यावर बसलो. ठेवल्यापासून पहिल्यांदाच. समोर हातभरावर मुतारीची भिंत!

तेवढ्यात आई आली. रोज संध्याकाळी गाड्या पाहायला ती इथं येते. शेजारी बसली, आणि मान मागं वळवून रस्ता पाहू लागली. हिवाळाभर तिची मान आखडली होती. तेल चोळलं, डॉक्टर झाले, दोन उशा बदलल्या.

"आई, सांगतलं काऊन नाही?"

"तू इतक्या हौसेनं नाव लिवलं. म्हटलं, राहू दे."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्टँडवरच्या चौघांना हाक मारली, बाकडं उचललं, आणि मीच अडखळलो. "पण बाबांचं नाव भिताडाकडे जाईन ना."

"जाऊ दे. त्यायले नावाचं काय पडलं होतं? माह्यासंग रोज गाड्याच तं पाहाले येत होते."

बाकडं फिरवलं. आई बसली, मान सरळ. मी समोर उभा राहून दिशा मोजत होतो.

"सरक ना बाप्पा, गाडी येऊन राह्यली!"

मोबाईलवर आकडा आला, नव्वद. मी त्या माणसाला कळवलं, "नोंद बरोबर आहे. बाकडं चुकलं होतं, ते दुरुस्त केलं."