चिंचोटीच्या वळणावरची झोप

मी घेतली तेव्हा गाडी तेरा वर्षांची होती. चार दारांची, मागे लांब डिकी असलेली सेडान, पण इंजिनाची ताकद चारही चाकांना पोचवणारी. अशी सेडान आपल्याकडे फार थोड्यांनी घेतली. त्यामुळे तिचे सुटे भाग शोधावे लागतात आणि बरेच गॅरेजवाले तिला हात लावायला कचरतात. हे मला घेण्याआधी ठाऊक होतं. वर्तमानपत्राच्या डेस्कवर दुसऱ्यांच्या बातम्या तपासण्यात पंचवीस वर्षं गेली, त्याच सवयीने गाडीही तपासली होती. एक गोष्ट राहिली. मागच्या चाकांना ताकद पोचवणारं जे कपलिंग असतं, त्यातलं तेल आधीच्या मालकाने कधीच बदललं नव्हतं.

ते चिंचोटीला कळलं. फेब्रुवारीतली दुपार होती. गासला सासरी जेवून मी आणि नवरा कामणच्या दिशेने निघालो होतो. चिंचोटी सोडल्यावरच्या एका वळणावर डंपरमधून खडीचा चुरा सांडला होता. वेग पंचेचाळीस. पुढची चाकं घसरली आणि गाडी वळणाबाहेर जाऊ लागली. अशा वेळी मागच्या चाकांनी लगेच जोर लावायला हवा. त्यांनी तो उशिरा आणि एकदम लावला. गाडी आडवी फिरून समोरच्या बाजूच्या मातीत थांबली. समोरून कोणी येत नव्हतं. कोणाला लागलं नाही, गाडीला ओरखडाही नाही.

नवरा मात्र बदलला. तो गासच्या शेतकरी घरातला. लहानपणी पहाटे भाजीच्या टेम्पोत मेथीच्या जुड्यांवर पडून बाजारात जायचा, तेव्हापासून कुठल्याही वाहनात पाच मिनिटांत झोपतो. त्या दुपारनंतर तो माझ्या गाडीत झोपला नाही. घरापासून वसई स्टेशनपर्यंतसुद्धा दारावरची दांडी हाताने धरून, डोळे उघडे ठेवून बसायचा. आठवडाभराने चहा पिताना त्याने विषय काढला.

"विकून टाक."

"दुरुस्त होईल."

"झाली की नाही हे कोण ठरवणार?"

"तू ठरव."

त्याने कप खाली ठेवला. "बरं. पावसाळ्याच्या आत त्याच रस्त्याने, त्याच वळणावरून मला ने. मला झोप लागली तर गाडी राहील. नाही लागली तर जाईल."

"सोंग घेशील."

"मी घोरतो. तू रोज ऐकतेस. त्याचं सोंग मला जमायचं नाही."

अट स्पष्ट होती. मला गाडी ठेवायची होती, आणि जूनपर्यंत वेळ होता.

वसईतल्या दोन गॅरेजांनी नकार दिला. तिसरा माणूस मिळाला तो अर्नाळ्यात, आमच्या मासेवालीचा दीर. साठीचा, आयुष्यभर होड्यांची इंजिनं दुरुस्त केलेला. किनाऱ्यालगत त्याची पत्र्याची शेड, बाजूला काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले. त्याने गाडीतून गावाबाहेर एक फेरी मारली, परत आला आणि बोनेटवर हात ठेवला.

"बाय, ही गाडी नाय. पाण्यात नांगर सुटलेला पडाव हाय."

"जमेल का, काका?"

"इंजिन तं इंजिनच ना. खाली काय हाय ते बगू. मला फक्त येक सांग, घाई कोनाला हाय? तुला का गाडीला?"

"नवऱ्याला."

मी अट सांगितली, मेथीच्या जुड्यांवरच्या झोपेसकट. तो बराच वेळ हसला. "तुला बाय म्हटलं म्हंजे तो आमचा जावई झाला. जावयाला झोपवायचं काम पयल्यांदाच आलंय."

काम रविवारीच व्हायचं. मी वही घेऊन बसायचे आणि काय काढलं, काय घातलं, कशाच्या आधी काय केलं ते लिहायचे. कपलिंगमधलं तेल काढलं तेव्हा ते काळं आणि दाट निघालं. नवं तेल आणि ते गाळणारी नवी जाळी घातली. टर्बोच्या एका नळीला चीर होती. ती बदलल्यावर इंजिनाचा मूळचा जोर परत आला, आणि त्याहून जास्त जोर मला नको होता. शॉकअप बदलून थोडे कडक घातले. स्प्रिंगा मात्र मूळ उंचीच्याच ठेवल्या, कारण आमच्या रस्त्यांवर गाडी खाली आणणं म्हणजे तिचं पोट खरवडून घेणं. वळणावर गाडी झुकू नये म्हणून मागे आडवा बसणारा लोखंडी बार जाड घातला. ब्रेकचे पॅड नवे. टायरच्या बाबतीत आमचं जमेना. त्याचं म्हणणं, पुढचे दोनच झिजलेत तर दोनच घ्या. चारही चाकं एका यंत्राला जोडलेली असताना दोन नवी आणि दोन झिजलेली चालत नाहीत, फिरण्यातला फरक कपलिंग सोसतं, हे मी त्याला कागदावर काढून दाखवलं. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला.

"म्हंजे चार वल्हवनारे, वल्ही सारखी पायजेत."

"तेच."

"मंग असं सांग ना. चित्रं काय काढतेस?"

सगळ्यात वेळखाऊ काम बुशांचं. पुढच्या चाकांना धरणाऱ्या लोखंडी हातांच्या सांध्यांत रबराचे जाड गोळे असतात, ते बुश. आमचे फाटले होते. नवे बसवल्यावर मला वाटलं, आता बोल्ट कसायचे. त्याने पाना खाली ठेवला, जॅक काढला, गाडी चाकांवर उतरवली आणि मला, त्या दिवशी बरोबर आलेल्या नवऱ्याला आणि शेजारच्या दोन बायकांना आत बसवलं. मग खाली आडवा होऊन बोल्ट कसले. त्याचा नियम होडीचा: होडी पाण्यात बसल्याशिवाय इंजिनाचे नट शेवटचे कसायचे नसतात, कारण वजनाखाली लाकूड वाकतं आणि काठावर सरळ दिसलेलं पाण्यात तिरकं होतं. त्याला हे कोणी गाडीसाठी शिकवलं नव्हतं. नंतर मी गाडीच्या दुरुस्तीचं पुस्तक उघडलं, तर तिथेही तेच लिहिलेलं होतं.

एप्रिलच्या शेवटी काम संपलं. गाडी शेडबाहेर काढण्याआधी त्याने पंपाने खालून जळकं ऑइल फवारलं. त्याच्या शेडमधून जाणाऱ्या प्रत्येक लोखंडी वस्तूला ते लागतं. खाऱ्या हवेत लोखंड टिकवायचं तर अर्नाळ्यात सगळे हेच करतात. मी वहीत लिहिलं: खालून जळकं ऑइल, एक तास. पुढे दोन शब्द: चांगली कल्पना.

पहिले पंधरा दिवस गाडी रुळावरून जावी तशी गेली. स्टिअरिंग वळवलं की नाक तेवढंच वळायचं, जास्त नाही, कमी नाही. नवऱ्याने दांडी सोडली, हात मांडीवर आणला. तिसऱ्या आठवड्यात नाक पुन्हा सैल वाटू लागलं. त्याचा हात पुन्हा वर गेला.

मी टायरमधली हवा पाहिली, ती बरोबर होती. नालासोपाऱ्याला जाऊन चाकांचं अलाइनमेंट तपासून घेतलं, आकडे बरोबर होते. मग वही शेवटापासून उलटी वाचायला घेतली. बातमीत चूक सापडत नाही तेव्हा असंच वाचतात. शेवटची नोंद जळक्या ऑइलची होती. विजेरी घेऊन गाडीखाली गेले. नवे बुश फुगले होते. नखाने दाबलं की खूण उमटून राहत होती. तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं, हे मला माहीत होतं. फवारताना मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते आणि शाबासकी लिहीत होते.

अर्नाळ्याला गेले. त्याने खाली वाकून बोटाने बुश चेपला आणि बोट लुंगीला पुसलं.

"होडीला खालनं रबर नसतं," तो म्हणाला.

"मीही अडवलं नाही, काका."

"तू काय अडवनार. तू लिवत व्हतीस." पाना उचलून म्हणाला, "काढतो."

"आजच?"

"मंग काय, मुहूर्त काढू?"

या वेळी रबर घेतलं नाही. तेलाने न फुगणाऱ्या पॉलियुरेथेनचे बुश मागवले. त्यांची अडचण एकच: ते कडक असतात आणि रस्त्याचा प्रत्येक दणका आत पोचवतात. वळण सुधारेल, झोप बिघडेल, ही शक्यता मी त्याला सांगितली.

"आमी बर्फाच्या पेटीवर झोपतो, टेम्पोत," तो म्हणाला. "आमचा जावई मेथीवर झोपलेला. तो कडकपनानं जागा नाय राहत. गाडी कुटं जाईल ते कळत नाय म्हनून जागा राहतो."

साबणाच्या पाण्याने गाडीचं पोट धुतलं. बुश बसवले. गाडी चाकांवर उतरवून, माणसं बसवून, बोल्ट कसले. ऑइलचा पंप त्याने त्या दिवशी शेडबाहेर नेऊन ठेवला होता.

मे महिन्याचा शेवटचा रविवार ठरला. फेब्रुवारीसारखंच गासला जेवलो, दुपारी त्याच सुमाराला निघालो. काका मागे बसला. येऊ का असं त्याने विचारलं नव्हतं, सरळ दार उघडून आत आला होता.

"साक्षीदार," तो म्हणाला.

"तुम्ही तिच्या बाजूचे," नवरा म्हणाला.

"मी बुशांच्या बाजूचा."

नालासोपारा ओलांडून महामार्गाला लागेपर्यंत दोघं पावसाळ्यासाठी मासेमारी बंद होण्याबद्दल बोलत होते. नवे बुश खड्ड्यांचे दणके देत होते, मूळच्यापेक्षा स्पष्ट. दांडीवर हात नव्हता, पण डोळे उघडे होते. चिंचोटी फाट्याला मी वळले. डंपर पुढे होते. मी अंतर ठेवलं आणि नवऱ्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं, कारण पाहिलं असतं तर त्याला ते कळलं असतं.

वळण आलं. रस्त्यावर चुरा होता, फेब्रुवारीइतका नाही, पण होता. वेग पंचेचाळीस. पुढची चाकं जराशी घसरली आणि त्याच क्षणी मागच्यांनी जोर घेतला. धक्का न बसता गाडी आखलेल्या रेषेवर राहिली आणि वळणातून बाहेर पडली. मागून काकाचा आवाज आला नाही. माझ्या शेजारून आला, घोरण्याचा. सुरुवातीला हलका, मग ओळखीचा, शेवटी शिट्टी असलेला.

"बाय," काका मागून कुजबुजला, "वळण गेलं का? मी याच्या तोंडाकडं बगत व्हतो."

"गेलं."

"मला नाय कळलं."

"त्यालाही नाही."

तो पुढे झुकला. "पुढं जागा बगून फिरव. वळण मला परत बगायचंय."

"उठेल."

"नाय उठत," तो म्हणाला. "फिरव."

मी गाडी फिरवली.