मूळ चित्र

छपाईच्या दुकानात थोरली दिवसभर गिऱ्हाइकांना एकच गोष्ट सांगायची. "स्क्रीनशॉट चालत नाही हो, मूळ फाइल द्या." मालक चेष्टेने म्हणायचे, "बाई, तुम्ही देवाकडेही मूळ प्रतच मागाल."

धाकट्या बहिणीचा नवरा तिचा फोन रोज तपासायचा, म्हणून थोरलीनेच ते ॲप शोधून काढलं होतं. मजकूर लिहिला की त्याचं चित्र व्हायचं. युगांपूर्वी दगडात कोरल्यासारख्या खुणा: डोळा, पक्षी, नाग, होडी. त्या खुणांना स्वतःचा काहीच अर्थ नव्हता. शब्द चित्राच्या पोटात असायचे, आणि दोघींनाच ठाऊक असलेल्या पासवर्डने उघडायचे. नवरा हसायचा, "बहिणीबहिणींना साप-कबुतरांचं काय वेड लागलंय!"

आत असायचं, आज जेवू दिलं नाही. आज हात पिरगाळला.

एकदा न राहवून थोरली तिच्या दारात जाऊन उभी राहिली. भावोजींनी हसतमुखाने चहा पाजला, रिक्षापर्यंत सोडायला आले. मग चित्र आलं. आत होतं, "अशी येऊ नकोस गं. तुझी पाठ वळली की सगळं माझ्यावर निघतं. मी सांगेन तेव्हाच ये, तेव्हा मी पिशवी भरून तयार असेन."

तेव्हापासून थोरलीचा जीव त्या एका शब्दासाठी टांगलेला होता.

पुढे चित्रं येईनाशी झाली. आणि एका दुपारी भावोजींचाच मेसेज आला. "ताई, तिचा फोन काढून घेतलाय, डोळे फोडून घेत होती. हे चित्र तुमच्यासाठी करून ठेवलं होतं म्हणे."

थोरलीने हातातले कागद तसेच टाकले. पासवर्ड घातला. ‘या चित्रात मजकूर नाही.’ पुन्हा घातला. मग तिचं लक्ष चित्राच्या वरच्या कडेला गेलं. घड्याळ, बॅटरीची खूण. त्याने स्क्रीनशॉट पाठवला होता. वरची कातडी आली होती, शब्द तिकडेच राहिले होते.

‘मूळ चित्र पाठवा’ असं तिने लिहिलं आणि पुसलं. मूळच कशाला हवं, असं भावोजी विचारणार. आणि उत्तर धाकटीकडून काढून घेणार.

तिने ते चित्र मोठ्या कागदावर छापून टेबलावर पसरलं. डोळा, होडी, पुन्हा डोळा. ये म्हणाली असेल? काही अर्थ नाही हे माहीत असूनही ती खुणांवरून बोट फिरवत राहिली.

शेवटी तिनेही एक चित्र केलं. आत दोनच शब्द घातले, "येऊ का?" आणि भावोजींना पाठवलं. "छान जमलंय तिला. हे माझ्याकडून तिच्या फोनवर टाका ना, तिचा विरंगुळा होईल."

संध्याकाळी उत्तर आलं. "माझ्याच फोनवर दाखवलं. बघून रडायलाच लागली. सापाचं चित्र बघून कुणी रडतं का, ताई? तुम्हीच सांगा."

त्याच्या फोनवर ते ॲप नव्हतं, ‘येऊ का?’ चित्राच्या पोटातच राहिलं होतं. पण उत्तर दिलं नाही तर त्याला संशय येणार होता.  थोरलीने एक हसरा चेहरा निवडला आणि पाठवून दिला.