सौदामिनीचा तिसरा अर्ज

किल्लारीच्या भूकंपात आई-वडील गेले तेव्हा सौदामिनी नऊ वर्षांची होती. छावणीत अनाथ मुलांची यादी झाली आणि ती हातोहात फिरली. मग अनोळखी माणसं यादीतलं नाव घेऊन तिला बघायला यायची. मामानं औशाला नेलं तेव्हा कुठं ते थांबलं.

पुढं ती लातूरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवू लागली. दहावीचा निकाल लागायच्या आत पोरांचे फोन नंबर खाजगी क्लासवाल्यांकडं पोचलेले असत. कुणाचं नाव उघडं न पडता माहितीचा अभ्यास कसा करता येईल, यावर तिनं बारा वर्षं संशोधन केलं. त्यासाठी केलेले सरकारी अनुदानाचे दोन अर्ज नामंजूर झाले. तिसऱ्या वेळी दिल्लीच्या समितीनं ऑनलाइन मुलाखतीत विचारलं, "लातूरसारख्या ठिकाणी याची काय गरज?"

"साहेब, माझं नाव अशाच एका यादीत होतं," ती म्हणाली आणि सगळं सांगितलं.

आठ महिन्यांनी मंजुरीचं पत्र आलं. तिनं मामीला फोन केला.

"लई चांगलं झालं गं! पण आवाज असा का?"

"दमले, मामी," ती म्हणाली आणि त्या दुपारी पहिल्यांदाच रजा टाकून घरी गेली.