पंप मारते म्हणे

मेथीची जुडी पुढे करायच्या आधी ती त्यातलं एक पान खुडायची, तोंडात टाकायची आणि आपल्यासमोर चावून दाखवायची. "औषद मारलेली नाय, बाय. बिनधास खा."

असं म्हणणाऱ्या भाजीवाल्या तुम्हीही पाहिल्या असतील. बहुतेकींचं ते बोलणं धंद्यापुरतं असतं. हिचं खरं होतं. मी जाऊन पाहिलं होतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही कोपरखैरण्याच्या नव्या सोसायटीत राहायला आलो. ती तळवलीहून डोक्यावर पाटी घेऊन यायची. तिची शेती नव्या शहरासाठी सरकारने कधीच घेतली होती, पण एक तुकडा तसाच रिकामा पडला होता. त्यात ती माठ, मेथी, मुळा, वांगी लावायची. कडुनिंबाचा पाला कुटून गोमूत्रात भिजवायचा, गाळून पानांवर शिंपडायचा. मुळाशी करंजाची पेंड. माव्याच्या किडीवर चुलीतली राख. राख उडवताना मात्र तोंडाला पदर गच्च बांधायची.

"शेजारचा पंप मारतो, त्याची कीड दोन दिसात मरते," ती सांगायची. "माजी मरत नाय. कंटालून जाते."

बांधावर अडुळशाची रांग होती. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून ते कुंपण. एका थंडीत मला महिनाभर खोकला होता. तिने पाटीतून अडुळशाची पानं आणून दिली. काढा मधातून घेतला, खोकला थांबला. मी जिन्यात सगळ्यांना सांगितलं आणि सांगता सांगता खोकल्याचा दमा करून टाकला. मग कुणी सासूसाठी, कुणी मुलीसाठी तिच्याकडे दम्याचं औषध मागू लागलं.

"दम्याचा नाय, खोकल्याचा पाला हाय," ती प्रत्येकीला सांगायची. "दम्याला डाक्टरकडं जा."

आम्हाला तो तिचा साधेपणा वाटायचा.

एका सकाळी मीटरच्या खोलीमागे ती भिंतीला हात टेकून वाकलेली दिसली. खांदे वरखाली होत होते, श्वासाला शिटी लागली होती. कमरेच्या पिशवीतून तिने दम्याचा छोटा पंप काढला, तोंडात धरून दाबला आणि डोळे मिटून श्वास रोखला. जरा वेळाने ओठांना रंग आला. मग मी दिसले, आणि ती ओशाळली.

"लानपनापासून हाय. पाल्यानं थांबला असता तर डाक्टरकडं कशाला गेले असते? कुनाला सांगू नको, बाय. लोकं म्हनतील, हीच इंग्रजी औषद घेते."

"मावशी, मी कशाला सांगू?"

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिचाच विषय निघाला. तिच्या भाजीत केमिकल नाही, औषधात केमिकल नाही, असं कौतुक चाललं होतं. मला काय झालं कोण जाणे. "कसलं काय, ती स्वतःच पंप मारते!" मी म्हणाले, आणि हाताने तोंडात पंप दाबून दाखवला. मोठा हशा झाला. त्या हशासाठीच मी बोलले होते. दुसरं कारण मला अजून सापडलेलं नाही.

दोन बिल्डिंगा ओलांडेपर्यंत माझ्या हाताची खूण गळून पडली, शब्द तेवढे राहिले. ती पंप मारते. म्हणजे भाजीवर. विष फवारते आणि वर पान चावून दाखवते!

गिऱ्हाईक तुटलं. एकदा फाटकाशी चार बायकांनी तिला घेरलं. "मी पंप मारत नाय, बाय. देवाशपथ नाय," ती प्रत्येकीकडे वळून सांगत होती. मी खिडकीत होते. खाली उतरून दोन वाक्यं बोलले असते तरी पुरे होतं. पण मग सुरुवात कुणी केली, तेही सांगावं लागलं असतं. मी पडदा ओढून घेतला.

त्यानंतरही ती येत राहिली, अर्धी पाटी घेऊन. तिला माझा संशय आला नाही. "तुजा तेवडा विश्वास हाय," ती म्हणायची. एकदा धापा टाकत वर आली तेव्हा मी पंपाचं विचारलं.

"घरी ठेवलाय. हातात कुनी बगितला तर परत तेच चालू करतील."

"अहो, जवळ ठेवा. दम लागला तर?"

"बसते वाईच सावलीला."

उन्हाळ्यात ती यायची थांबली. पंधरा दिवस वाट पाहून मी तळवलीला गेले. दार सुनेने उघडलं. आमच्याकडे येतानाच वाटेत दम लागला होता. रस्त्याच्या कडेला, पाटीशेजारी बसलेली सापडली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

"पंप हितं फलीवर होता," सून म्हणाली. "भरलेला."

तिने मला बसवलं, चहा टाकला. "सोसायटीतून तुमी एकल्याच आल्या. आई तुमचं लय नाव काढायच्या." मग कप माझ्या हातात देत तिने विचारलं, "त्या पंपाचं कुनी उठवलं वो? तुमाला काय ठाव?"

"नाही," मी म्हणाले.

"जाऊ द्या. आता कलून तरी काय," सून म्हणाली आणि भांड्यात उरलेला चहा तिने माझ्याच कपात ओतला.

मी तो प्यायले.